आठव्या जागी शून्य

परदेशी पैसे पाठवण्याच्या खिडकीवरच्या बाईंना अख्खी बँक 'शून्यताई' म्हणायची. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी स्विफ्ट कोडात, म्हणजे परदेशी बँकेच्या अक्षरी पत्त्यात, आठव्या जागी 'ओ'ऐवजी शून्य टाकलं होतं. काम शिकवणारे मास्तर कानावरची लाल पेन्सिल काढून म्हणाले होते, "पत्ता चुकला, बाई! आठवं शून्य म्हणजे सरावाची बँक. ती जगात कुठेच नाही." मास्तर देवाघरी जाऊन चार वर्षं झाली, पण चिकटलेलं नाव काही सुटलं नाही.

त्या दुपारी एक बाप काचेला नाक लावून उभा होता. लेक परदेशातल्या इस्पितळात, आणि चारच्या आत पैसे पोचले तरच ऑपरेशन.

"ताई, लवकर करा हो."

चिठ्ठीवरचा कोड ताईंनी भराभर टाकला आणि पाठवून दिला. एरवी उत्तराला तासन्‌तास लागतात. या वेळी ते डोळ्याचं पातं लवायच्या आत आलं, तेही चक्क आपल्या भाषेत.

"पैसे मिळाले. मुलगी अजून इथे पोचलेली नाही. वाट बघतो."

पडद्यावर बोट ठेवून ताईंनी एकेक अक्षर मोजलं. आठव्या जागी शून्य! मेलं ते शून्य, सोळा वर्षांनी पुन्हा! असला संदेश खरं तर जागीच अडायला हवा होता.

"काय झालं?" बापाने विचारलं.

"काही नाही हो, बसा तुम्ही," त्या म्हणाल्या. घड्याळात साडेतीन वाजले होते.

आधी त्यांनी त्या नसलेल्या बँकेला लिहिलं, "पत्ता चुकला. मुलीला आत घेऊ नका. हात जोडते." मग नवा संदेश, आठव्या जागी ओ, तीनतीनदा वाचून. चारला पाच कमी असताना इस्पितळाच्या बँकेची पोच आली. सरावाच्या बँकेकडून मात्र अवाक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी बाप आला तो रडत-हसतच. "वाचली हो पोर! मध्ये दोन मिनिटं हृदय बंद पडलं होतं म्हणे. आणि शुद्धीवर आल्यावर काय बडबडत होती, माहितीये? म्हणे, मी कुठल्याशा दाराशी पोचले होते, तर आतले आजोबा ओरडले, पत्ता चुकला, परत जा! गुंगीचं औषध, दुसरं काय!"

ताई काचेशी वाकल्या.

"त्या आजोबांच्या कानावर काही होतं का हो?" त्यांनी विचारलं.

"लाल पेन्सिल," बाप म्हणाला, आणि त्याचं हसू मावळलं. "तुम्हाला कसं कळलं?"