बबनरावांचे तीन दोडके

आसेगावात आमच्या बैठकीत एक पत्र्याची पाटी आहे. तिच्यावर घराण्याच्या सात पिढ्या लिहिल्या आहेत आणि त्यात एकही बाई नाही. शेवटच्या ओळींत लखमाला सीताराम झाला, सीतारामला चंपत, चंपतला बबनराव. सगळी बाळंतपणं सुखरूप पार पडलेली दिसतात.

लग्न होऊन आले त्याच दिवशी मी ती वाचली. पाट्या हा माझा धंदाच आहे. शेलूबाजारात दुकानांच्या पाट्या आणि जीपच्या मागची फुलं मी रंगवते. सासऱ्यांना, म्हणजे बबनरावांना विचारलं, "मामाजी, याच्यात बाया काहून नाईत?"

"त्या समजून घ्याच्या असतात."

मला काही समजून घेता येईना. मग मी सयपाकघराच्या भिंतीवर दोडक्याचा वेल काढला. आमच्या मळ्यात दोडकेच जास्त. वेलावर फक्त बाया: एका फांदीवर सासूबाई हौसाबाई, त्यांची माय, मायची माय, दुसऱ्या फांदीवर मी, माझी माय, आजी. नाव कुणाला आठवेना तिथे नुसतं पान काढलं. जिला जितकी लेकरं, तिच्या पानाखाली तितके दोडके. हौसाबाईंना पाच. शेवटचा दोडका पवन, माझा नवरा.

माझ्या पानाखाली काही नव्हतं. लेकरू कधी, आणि मुळात हवं का, हे माझं ठरत नव्हतं, आणि ठरेपर्यंत मला ती जागा रिकामीच हवी होती. पवनला विचारलं तर म्हणाला, "पोट तुह्यं हाय, मी काय सांगू?" तो इतकं शहाणं क्वचितच बोलतो, म्हणून मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

एके दिवशी जीप रंगवून घरी आले, तर माझ्या पानाखाली कोळशानं काढलेला एक दोडका. मी पुसला. दुसऱ्या दिवशी दोन. तेही पुसले. तिसऱ्या दिवशी तीन, आणि त्यातल्या एकाला मिशा. बबनराव जेवायला बसले तेव्हा त्यांची बोटं काळी होती.

"मामाजी, हे तुमी काढून राह्यले काय?"

"वेल रिकामा चांगला नाई दिसत," ते भाकरी मोडत म्हणाले. "मी कलेच्या नजरेनं बोलून राह्यलो."

हौसाबाईंनी तवा उतरवला आणि भिंतीपाशी गेल्या.

"अंजू, पयले माह्यं पान दुरुस्त कर. मले दोनच पाह्यजे होते."

"पण आत्याबाई, झाले तर पाच."

"बाकीचे तीन यायनं मांगतले. दर खेपेले म्हणे, अजून एक होऊ दे. मले कोणी इचारलंच नाई. ज्यानं मांगतले त्याच्या नावाखाली टाक."

पवनचा घास हातातच राहिला. "मंग मी बापाच्या पोटचा काय?"

"तू गोड हायेस रे," हौसाबाई म्हणाल्या. "तुले मी देतच नाई कोणाले. पण हिशेब तो हिशेब."

बबनराव पाणी प्यायले. मी ब्रश आणला. सयपाकघरात हौसाबाईंच्या पानाखालचे तीन दोडके पांढऱ्या रंगानं झाकले आणि बैठकीतल्या पाटीवर, बबनरावांच्या नावाखाली, तीन नवे काढले. घराण्याच्या पाटीवर पहिल्यांदाच हिरवा रंग आला. छान दिसत होता.

सकाळी भाजीचे व्यापारी इब्राहीमभाई माल न्यायला आले. चहा घेताना त्यांनी पाटी वाचली, पुन्हा वाचली.

"बबनभाऊ, तुमच्याखाली दोडके कायचे?"

आतून हौसाबाई बोलल्या, "तीन बाळंतपणं झाली त्याइची."

इब्राहीमभाईंनी कप खाली ठेवला आणि अत्यंत काळजीनं विचारलं, "तबियत ठीक आहे ना आता?"

दुपारपर्यंत ही विचारपूस गावभर झाली. शेजारची शीला तर बबनरावांसाठी बाळंतशेपा घेऊन आली.

संध्याकाळी सयपाकघरात पाण्याचा आवाज आला. पाहते तर बबनराव ओला फडका घेऊन माझ्या पानाखालचे कोळशाचे दोडके पुसत होते. मिशावालाही गेला.

"आता ते तुह्यं तू पाय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "काढ, नको काढू. मी काई बोलत नाई."

"आणि बैठकीतले?"

त्यांनी फडका पिळला. "राहू दे. झाले ते झाले."

रात्री हौसाबाईंनी डिंकाचे लाडू वळले. पहिला बबनरावांच्या ताटात ठेवला.

"खा. कंबर सांभाळा."

बबनरावांनी लाडू संपवला. मग म्हणाले, "अजून एक दे."

हौसाबाईंनी डबा बंद केला. "माह्यं ठरलं की देतो."