देवीच्या नावावर

लाज वाटते, पण सांगतो. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा फिट आली, तीही भर सरकारी दफ्तरात. छप्पन सालचं नवरात्र होतं. नवा प्रांत होणार, म्हणून आमचं दफ्तर ग्वाल्हेरातून भोपाळला हलणार होतं आणि कुणाकुणाला न्यायचं याची यादी चालली होती.

भानावर आलो तर पायजमा ओला, जीभ चावलेली, आणि आमचा शिपाई गोविंद माझ्या नाकाशी जोडा धरून बसलेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मिरगी है क्या, महिपतराव?" यादी करणाऱ्या आमच्या बडेबाबूंनी विचारलं.

झालं! फेफरं येणाऱ्या माणसाला भोपाळला कोण नेतो? मी गोविंदावरच खेकसलो, "जोडा काय धरतोस, गाढवा! आमच्या घराण्यात देवी अंगात येते!"

बडेबाबूंनी चटकन हात जोडले. बिचाऱ्या गोविंदानं कान धरले. माझं नाव यादीत चढलं.

मग गुपचूप मोरारच्या एका डॉक्टरांना दाखवलं. गोळ्यांनी गुण आला. बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नाही.

दसरा झाला आणि गोविंद आपल्या बायकोला, शामलाला, घेऊन गोरखीत माझ्या घरी आला. तिलाही चाळिशीत अचानक तसेच झटके सुरू झाले होते.

"रावसाहेब, तुम्हीच सांगा. डाक्टरला दाखवू, की हिचं पण देवीचंच आहे?"

गोळ्यांची पुडी माझ्या खिशात होती. मोरारला जा, एवढंच म्हणायचं होतं. पण गोविंदाच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या दफ्तराला कळलं असतं.

"देवीचंच आहे," मी म्हणालो. "अंगारा लाव. डॉक्टरकडे नेलंस तर देवी कोपेल."

हे शेवटचं कशाला बोललो? भीतीपोटी, आणखी कशाला!

आम्ही भोपाळला निघायच्या आठवड्यात शामला पाणी काढत होती. झटका आला आणि ती विहिरीत पडली. बाहेर काढली तेव्हा जीव नव्हता.

दफ्तरातले आम्ही सगळे गोविंदाकडे गेलो. त्यानं माझे पाय धरले.

"अंगारा रोज लावला हो, रावसाहेब. डाक्टरकडे पण नाही नेलं. मग माझ्याकडून काय चुकलं?"

मागे बडेबाबू उभे होते. मी गोविंदाच्या डोक्यावर हात ठेवला.

"सोवळं नीट पाळलं नसशील," मी म्हणालो.