नाटकातली मास्तरीण

त्या रविवारी सकाळी बाबा मागावर बसून एका माणसाचा खून करत होते.

"मारू नका हो मले! माह्या लेकराची..." खट्. धोटा इकडून तिकडे गेला. "...माह्या लेकराची आन आहे तुमाले!" खट्.

शेजारच्या मागावर कवडू तेच वाक्य त्याच ठेक्यात म्हणत होता. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते; तिच्या नाटकात यंदा मरायचं काम त्याच्याकडे होतं. आई खाली बसून धाग्याच्या कांड्या भरत होती आणि मधूनच विचारत होती, "मेला का तो?"

"थांब ना! धागा तुटला," बाबा म्हणाले. ते वाकून कोसा रेशमाचा बारीक धागा जोडू लागले आणि मरणारा माणूस तोवर तसाच ताटकळला.

माझे बाबा, लक्ष्मणराव धकाते, नाटकं अशीच रचत. कागदाला हात न लावता मागावर बसून ती बोलत. शेजारी बसलेला कवडू ती पाठ करी आणि बाकीच्या नटांना शिकवी. मध्ये धागा तुटला तर वाक्यही तिथे तुटे, आणि कवडू इतका इमानी की तो ती थांब्यांसकट पाठ करी. म्हणून आंधळगावच्या नाटकात माणसं भलत्या ठिकाणी थबकत. "मी जाते... माहेरी." "तुझा बाप... घरी आहे का?" लोकांना त्याची सवय झाली होती. बाहेरगावची पाहुणे मंडळी मात्र समजायची की नट वाक्य विसरला.

"रंजी, कसं वाटून राहिलं?" धागा जोडून झाल्यावर बाबांनी मला विचारलं.

मी भंडाऱ्याला कॉलेजात मराठी शिकवते. सुट्टीला घरी आले की दारातल्या खाटेवर वाचत पडते. मी पुस्तकातून मान वर केली.

"बरं आहे," मी म्हणाले.

बाबांनी कवडूकडे पाहिलं. कवडूने घाईने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते.

का हलत होते ते मला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी बाबांनी 'दोन चुली, एक धूर' हे नाटक केलं. त्यात एक मास्तरीण होती. कवडूनेच मिशी भादरून ती केली होती. मास्तरीण सतत पुस्तक वाचत असते. नवरदेव मांडवातून पळतो, ती मान वर करते आणि म्हणते, "बरं आहे." गोठ्याला आग लागते. "बरं आहे." चोर तिच्याच घरातून पेटी उचलून नेतो आणि जाताना नमस्कार करतो. "बरं आहे." तिसऱ्या वेळेपासून मांडवातली पोरं तिच्याआधीच ओरडायला लागली होती. मी आईशेजारी बसले होते. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "कसं झालं?" मी जे म्हणते तेच म्हणाले. बाबा भिंतीला टेकून इतके हसले की आईने त्यांना पाणी दिलं. त्यावर आम्ही दोघं पुढे कधीही एक शब्द बोललो नाही.

सोमवारी सकाळी बाबा उठले नाहीत. झोपेतच गेले. मागावर साडी अर्धी होती आणि नाटकातला तो माणूसही अर्धाच मेला होता.

मंडई आली तेव्हा गावाने ठरवलं की रात्रीचं नाटक जुनंच करायचं आणि दुपारी त्याच मांडवात लक्ष्मणरावांची शोकसभा घ्यायची. रंगमंच आधीच बांधून झाला होता. मागे राजवाड्याचा पडदा होता. बाबांचा फोटो ठेवायला दुसरं काही मिळेना म्हणून तो नाटकातल्या सिंहासनावर ठेवला. बाबा त्यावर फार खूश दिसत होते.

नागपूरहून प्राध्यापक वीरेंद्र आले होते. ते या भागातल्या नाटककारांवर ग्रंथ लिहीत होते. लेखकाच्या जगण्यातूनच त्याचं साहित्य कसं उगवतं, हे त्यात दाखवायचं होतं. आज ते जे बोलणार होते तेच त्यात छापलं जाणार होतं. आई सकाळपासून त्याच काळजीत होती.

"एकडाव छापलं का तेच खरं होते," ती मला म्हणाली. "तुहे बाबा कसे होते ते त्यायले सांगजो."

"मी काय सांगू, आई?"

"बोल मंग, 'बरं आहे'," आई म्हणाली आणि पुढे जाऊन बसली.

प्राध्यापकांचा आवाज छान होता. "लक्ष्मणरावांच्या संवादांतले विराम पाहा. 'मी जाते... माहेरी.' या तीन टिंबांत स्त्रीची पिढ्यान्‌पिढ्यांची घुसमट आहे!"

"धागा तुटला असन," आई पुटपुटली. पुटपुटणं तिला जमत नाही. दोन रांगांना ऐकू गेलं.

प्राध्यापक पुढे म्हणाले, "आणि त्यांच्या नाटकांतला तो भला पाटील! असा माणूस त्यांनी कुठेतरी पाहिलाच असणार."

भात गिरणीवाले ताराचंद उठून उभे राहिले. गेली कितीतरी वर्षं नाटकाला जनरेटर त्यांचाच. "तो पाटील म्हणजे मी, सर. लक्ष्मणभाऊनं मले सोता सांगतलं होतं. कोनाले सांगू नको म्हने."

"असं कसं?" माजी सरपंच केशवराव उठले. मांडव दरवर्षी त्यांच्याच धानाच्या शेतात, बांधीत पडतो. "मले त सांगतलं का पाटील म्हंजे तूच! कोनाले सांगू नको म्हने!"

"तुमी कायचे भले? मांडवाचे खड्डे तरी बुजवता का?"

"अन् तुहा जनरेटर? दर साली हिरोईन मरते तवाच बंद पडते!"

"मंग अंधारात त मरते ना बिचारी आरामात!" मागून कोणीतरी म्हणालं आणि मांडव हसला.

शेजारच्या लीलाबाई तेवढ्यात उठल्या आणि नाटकातली सोशिक थोरली सून आपण असल्याचं सांगून बसल्या. त्यांची धाकटी सून दुसऱ्या रांगेतून त्यांच्याकडे बघत राहिली. मी सिंहासनाकडे पाहिलं. जनरेटर, मांडव आणि शेजारच्या घरचं ताक बाबांना आयुष्यभर कसं मिळालं, ते आत्ता कळत होतं.

प्राध्यापक गडबडले, पण हरले नाहीत. त्यांनी वही उघडली. "मला एकच पात्र उलगडत नाही. 'दोन चुली'मधली मास्तरीण. इतक्या मायाळू लेखकाकडे इतकी कोरडी, थंड बाई आली कुठून? माझा कयास असा, की कोण्या पाषाणहृदयी स्त्रीने त्यांना आयुष्यभराची जखम दिली. ती कोण, हे कोणी सांगू शकेल?"

आत्तापर्यंत एका पात्रावर दोन-दोन दावे सांगणारा मांडव एकदम गप्प झाला. ताराचंद छताकडे बघू लागले. केशवरावांनी चष्मा पुसायला घेतला. लीलाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. पडद्याच्या कडेला उभा असलेला कवडू राजवाड्याच्या खांबामागे जायला गेला, पण खांब रंगवलेला होता.

मला वाटायचं, हे फक्त आमच्या घराला आणि कवडूला माहीत आहे. माझ्याकडे न बघण्याची ती सगळ्यांची धडपड पाहून कळलं, की सगळ्या गावाला माहीत होतं. इतकी वर्षं मी ह्या रस्त्याने बसस्टँडवर जात होते आणि ही माणसं मागे "बरं आहे" म्हणत होती. आज मात्र बाप गेलेल्या पोरीला कोणी चिडवायला तयार नव्हतं.

"मग जखमच म्हणू या," प्राध्यापक म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मी वर्गात लेखकांची चरित्रं शिकवते. कोणाच्या कोणत्या दुःखातून कोणती कादंबरी आली, हे मुलांना सांगते. त्यातली किती दुःखं अशाच एखाद्या मांडवात, कोणी तोंड न उघडल्यामुळे तयार झाली असतील? आईने मागे वळून पाहिलं नाही. तिची पाठ मात्र ताठ झाली होती.

मी उठले.

"सर, जखम लिहू नका. ती मास्तरीण मीच आहो."

घरची बोली माझ्या तोंडून चारचौघांत किती वर्षांनी आली कोण जाणे.

"आमाले माईत आहे व माय!" लीलाबाईंना राहवलं नाही. मागची पोरं हसली, मग सगळाच मांडव. कवडू पुढे येऊन म्हणाला, "ताई, आवाज तुमचाच घेतला होता. जमला होता का?"

"जमला होता."

"म्हणजे तुम्हाला राग नाही आला?" प्राध्यापकांनी विचारलं. त्यांचं पेन हवेतच होतं. "वडिलांना कधी तसं काही म्हणालात?"

"त्यायले मी काहीच म्हटलं नाही," मी म्हणाले. बोलता बोलता मी त्यांच्याकडे पाठ करून सिंहासनाकडे वळले. बाबा तिथून बघत होते, नेहमी विचारताना बघत तसेच.

"बाबा, मस्त झालं होतं नाटक. चोरानं नमस्कार केला ना, तवा मी पदर तोंडात कोंबून हासली होती. तुमाले दिसू नये म्हणून आईच्या मांगं..." माझा आवाज तिथे तुटला. कोणी हललं नाही. थांब्यांची सवय आहे आंधळगावला. "...आईच्या मांगं तोंड लपवलं होतं. भल्लीच हासली होती, बाबा."