उतरलेला काटा

छगनच्या अ‍ॅम्बेसेडरचा रेडिएटर गळका होता. पण खानदेशात ड्रायव्हर म्हणवणारा गडी तेवढ्यासाठी गॅरेज गाठतो होय? पाण्यात मूठभर हळद टाकायची, ती भोकात जाऊन बसते आणि गळती बंद. छगनने दोन लग्नसराया या हळदीवर काढल्या होत्या. वर मिशीला पीळ देऊन सांगायचा, "आपली गाडी कायम हळदीची नवरी!"

आज मात्र मागच्या सीटवर त्याचा थोरला भाऊ वना तापाने फणफणत होता. मलेरिया डोक्यात गेलाय, ताबडतोब धुळ्याला हलवा, असं शिंदखेड्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. वहिनी मंजुळाबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन कळशीतल्या पाण्याच्या घड्या ठेवत होती.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यातलं ऊन. चिमठाणं मागे पडलं आणि इंजिनाच्या तापाचा काटा लाल रेघेला टेकला. छगनने गाडी थांबवली, वाफ जाऊ दिली आणि मागची कळशी उचलली.

"भाऊजी, पानी इतलंच शे," वहिनी काकुळतीने म्हणाली.

"गाडी चालनी तरच भाऊ वाची," म्हणत त्याने सगळं पाणी रेडिएटरात ओतलं. वर दोन मुठी हळद. गळती थांबली का, हे बघायला तो वाकलासुद्धा नाही. इतका भरवसा!

पुढे काटा पुन्हा चढला. छगनच्या तोंडचं पाणी पळालं. मग काटा हळूहळू खाली आला, पार तळाला गेला, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"उतरना वहिनी, काटा उतरना!" ओरडून त्याने गाडी दामटली.

थोड्याच अंतरावर इंजिन कण्हलं आणि जाम झालं. छगनने रेडिएटरचं झाकण काढलं. आत पाण्याचा थेंब नव्हता, नुसता करपलेला पिवळा लगदा होता. काटा पाण्याचा ताप सांगतो. पाणीच गळून गेल्यावर तो बिचारा काय सांगणार? इंजिन गार झालं म्हणून तो उतरलाच नव्हता. आपण आनंदाने ओरडलो, याची छगनला लाज वाटली.

भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मागून वहिनीचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी त्यात हसू होतं.

"भाऊजी, पानी नही तरी ताप उतरना! हात लाई देखा, कपाय कसं गार पडनं."

छगन झाकण हातात धरून तिथंच उभा राहिला. हात लावून बघायची त्याची हिंमत झाली नाही.