बशीत गोठलेला जिन

सोमवारी सकाळी आमच्या मजालाया गावातल्या कापड गिरणीत, रंगखात्याच्या दाराशी साठेक माणसं टाचा उंचावून उभी होती. पुढच्यांनी तोंडावर हात धरले होते, मागचे विचारत होते, "हलला का? बोलला का?"

मध्ये चटईवर वरच्या डोंगरातले मांत्रिक आबाह सुहंता बसले होते. त्यांच्यासमोर पाच खोलगट बशा, फरशी धुणाऱ्या पाच बायकांच्या नावांच्या. प्रत्येक बशीत दोन बोटं पारदर्शक पाणी. आबाहांनी किटलीतलं मंतरलेलं पाणी एकेकीत ओतून काडीने ढवळलं. चार बशांत काहीच झालं नाही. पाचवी मात्र ढवळता ढवळता घट्ट झाली. आबाहांनी बशी उपडी केली. आतलं खाली पडेना! काचेसारखा गोळा नुसता थरथरत राहिला.

"हा ओढ्यातला जिन नव्हे, वडावरचा नव्हे," आबाह गरजले, "हा गिरणीतलाच, कायम नोकरीतला जिन! त्याला बोनस मिळाला नाही, म्हणून तो पाय ओढतो!"

पाचवी बशी रुकोयाची होती.

बावीस वर्षं ती आमच्याकडे फरशी धूत होती. आठ दिवसांत गोदामाच्या वळणावर तिघं कामगार आपटले होते, त्यांतल्या ओमानचं मनगट मोडलं. रुकोया बिचारी ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा ती जागा पुसायची आणि जागा आणखी बुळबुळीत व्हायची. मुकादम कोसिम म्हणाला, हे माणसाचं काम नाही. आबाहांना त्यानेच आणलं, बशाही त्यानेच भरून ठेवल्या.

"जिन हिच्यामागे लागलाय. हिने दुपारच्या आत गिरणी सोडली पाहिजे," आबाह म्हणाले.

"मी काय केलं हो?" रुकोयाने विचारलं. पण लोक जिन वाटून घेण्यात गुंतले होते. एकाने टकलाला चोळला, एकाने सासूच्या गुडघ्यासाठी केळीच्या पानात बांधून घेतला. मी बॉयलरवाला. माझा जिनावर विश्वास नाही. तरी मीही बोटभर घेतलाच. खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात प्रयोगशाळेतली नेन्देन कापडाचे नमुने घेऊन आली. तिने पानातला गोळा बोटांत चोळला, नाकाशी नेला आणि माझ्याकडे वळली.

"दादा, बॉयलरचं कढत पाणी आणा. तांब्याभर."

"पोरी, लांब हो!" आबाह म्हणाले. "तो चिडला तर वाचा जाईल तुझी."

"गेली तर लिहून दाखवेन."

तिने गोळा त्या कढत पाण्यात टाकून ढवळला. जिन विरघळला आणि वर साबणासारखा फेस आला. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "अरे, जिन अंघोळ करतोय!"

मग ती गोदामात गेली आणि एका पिंपातून अर्धा पेला भरून आणला. रंग कापडात नीट मुरावा म्हणून आम्ही रोज टाकतो ते ओलावणारं औषध. दिसायला पाण्यासारखंच, फक्त जरा जाडसर. त्यात तिने हात धुवायच्या नळाचं तेवढंच पाणी घातलं, ढवळलं आणि पेला उपडा धरला.

काही पडलं नाही.

"मला मंत्र येत नाही," ती म्हणाली. "नळालाही येत नसावा. आता हा पेला कोसिमदादांच्या नावाचा. जिन त्यांचा का?"

आबाह लगेच म्हणाले, "याचा अर्थ जिन दोन आहेत!"

"दोन कसले? गोदामात चाळीस पिंपं भरलीत."

साठ माणसं एकदम हसली. मग तिने सरळ सांगितलं. हे औषध भरपूर पाण्यात थोडंथोडं सोडलं तर विरघळतं. पण त्यावर जेमतेम तेवढंच पाणी ओतलं की त्याची खळ होते. चार बशांत साधं पाणी होतं, पाचवीत हे औषध. वळणावरही तेच सांडलंय. "त्यावर आधी भुसा टाकायचा, तो कोरडा झाडून उचलायचा, मग भरपूर पाण्याने धुवायचं. पिंपावर लिहिलंय. मुकादमांनी रुकोयाताईंना सांगितलं होतं?"

आम्ही गोदामात घुसलो. एका पिंपाचं बूच सैल होतं. खालून ओली रेघ थेट वळणापर्यंत गेलेली. गोदाम उघडणारा एकटा कोसिम, किल्ली त्याच्याच कमरेला.

"बूच माझ्याकडूनच राहिलं," तो शेवटी म्हणाला. "ओमानच्या मोडलेल्या हाताचा ठपका माझ्यावर आला असता."

"म्हणून माझ्यावर टाकलास?" रुकोया त्याच्यासमोर उभी राहिली. मग आमच्याकडे वळली. "आणि तुम्ही? बावीस वर्षं मी तुमच्या पायांखालची जमीन पुसली. एकालाही वाटलं नाही, आधी गोदामात डोकावून यावं?"

माझ्या बोटाला अजून बुळबुळीत लागत होतं. मी हात पाठीमागे घेतला.

कोसिमचं मुकादमपद गेलं. आबाह मागल्या दाराने गेले. त्या वळणावर मात्र भिंत धरून, जपून चालले. रुकोयाने भुशाचं पोतं मागवलं आणि कामाला लागली.

जिन असतात की नाही, त्यावर तुम्ही खुशाल वाद घाला. पण माणूस घसरून पडला, तर आधी त्याच्या पायाखाली काय आहे ते वाकून बघा. एखाद्या बाईच्या तोंडाकडे बघू नका.