खर्जाची ओळ

ऊर्सोलानं जाळीला डोळा लावला आणि खाली चर्चमधल्या गर्दीत बोर्तोलोला शोधू लागली. टोप्या, पंखे, टकलं. तो काही दिसेना.

"अगं, जाळी पाडशील!" मेनेगीनानं तिला मागं ओढलं. "येईल तुझा मेणबत्तीवाला. वितळला नसेल वाटेत."

"थट्टा सुचतेय तुला. नाही आला तर?"

"नाही तर नाही. लग्न तर होणारच आहे ना?"

तेच तर दुखणं होतं. व्हेनिसच्या त्या अनाथगृहात ऊर्सोलाची तीस वर्षं गेली होती, त्यातली बारा वृंदात खर्ज गाण्यात. वृंदात सगळ्या बायकाच. पुरुषांच्या ओळीही त्यांनीच गायच्या, जाळीआडून. आणि नियम असा, की लग्न करून जाणारीनं आधी कागदावर सही करायची: यापुढं चारचौघांत कधीही गाणार नाही. आजची सायंप्रार्थना आटोपली की सही. बोर्तोलोबद्दल तिची तक्रार नव्हती. भला माणूस, विधुर, पादुआ शहरात स्वतःचं मेणबत्त्यांचं दुकान. भेटीच्या खोलीत गजांपलीकडून दोनदाच भेटला होता आणि दोन्ही वेळा हसवून गेला होता. पण आपण काय टाकून येतोय, ते त्या नव्या घरात निदान एकाला तरी ठाऊक असावं, एवढीच तिची हौस. म्हणून तिनं चिठ्ठी धाडली होती: एकदा ऐकायला या.

व्हायोलिनं सुरू झाली. तिनं तळहात पांढऱ्या झग्याला पुसले, पुन्हा पुसले. स्तोत्र नव्यानं बसवलेलं होतं. देवाची साथ नसेल तर घर बांधणाऱ्यांचे कष्ट फुकट, असं सांगणारं. मेनेगीनाचा आवाज मजेत छतापर्यंत जाऊन आला. चर्चमध्ये टाळ्या वाजवायची मुभा नाही, म्हणून दाद द्यायला खाली लोक खोकले, त्यांनी खुर्च्या सरकवल्या, नाकं शिंकरली. मेनेगीनाचे गाल लाल झाले.

मग ती 'फुकट'ची ओळ आली. संगीतगुरूंनी ती खास ऊर्सोलासाठी लिहिली होती, एकटीनं गायची, पायरी पायरीनं खाली उतरणारी. पहिला स्वर थरथरला. दुसऱ्याला आवाजानं तळ गाठला आणि मग तिला कशाचीच आठवण राहिली नाही.

ओळ संपली. खाली कुणीही खोकलं नाही. एक खुर्चीसुद्धा सरकली नाही.

गेलं सगळं पाण्यात, तिला वाटलं. बाकीचं स्तोत्र तिनं कसंबसं ओढून नेलं.

भेटीच्या खोलीत अनाथगृह चालवणाऱ्या थोरल्या बाईंनी कागद पुढं सरकवला, टाक बुडवून तिच्या हातात दिला. गजांपलीकडं बोर्तोलो टोपी चुरगाळत उभा होता. डोळे लाल.

"ऐकलंत?" ऊर्सोलानं विचारलं.

"म्हणजे काय! पहिल्या झटक्यात ओळखला तुमचा आवाज. तो वर वर चढणारा. असा खोकलो तुमच्यासाठी, की शेजारचा म्हातारा वैद्याला बोलावायला निघाला!"

दाराशी उभी असलेली मेनेगीना हसायला लागली आणि लगेच गप्प झाली.

"आणि खालचा आवाज?"

बोर्तोलो गजांना खेटला. "थोरल्या बाई, रागावू नका. बायकाच गातात म्हणता, पण मी काही दूधखुळा नाही. एखादा पाद्रीबाबा लपवलाय तुम्ही आत. पण काय माणूस आहे हो! माझी बायको गेली तेव्हापासून मी रडलो नव्हतो. आज रडलो. खोकायचं भानच राहिलं नाही कुणाला." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "कोण आहे तो?"

थोरल्या बाई काही बोलणार, तेवढ्यात ऊर्सोलानं त्यांचा हात दाबला. तिला इतका आनंद झाला होता, की तिची तिलाच लाज वाटली. लग्नाची मागणी आली तेव्हाही इतका झाला नव्हता. तिनं टाक दौतीत परत ठेवला.

"तो इथलाच आहे," ती म्हणाली. "आणि त्याला इथून कुठं जायचं नाहीये."