घरची पाच मतं

आमच्याकडे गाण्याची स्पर्धा ऐकत नाहीत, जिंकायला बसतात. शनिवारी अंतिम फेरी होती. मोठे भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, टीव्हीसमोर प्लास्टिकची टोपली घेऊन बसले आणि म्हणाले, "फोन टाका यात." जाऊबाईंनी टाकला, पुतणीने टाकला आणि आमच्या ह्यांनी तर मागायच्या आत टाकला. शेवटी मीही टाकला. मग भाऊजींनी एकेक फोन उचलून "आपल्या मुलीला" मत दिलं. ही मुलगी कोण, कुठली, काही माहीत नाही. तिचं आडनाव आपल्यासारखं, एवढंच नातं. ती वरच्या सुरात गेली की माझे दात शिवशिवायचे.

मला तिच्याविरुद्ध गाणारा तो ट्रकवाला आवडायचा. जाड मानेचा, इकडचाच, म्हणजे आम्ही येऊन राहिलो त्या परदेशातला, आपली भाषा न कळणारा. पण गायला लागला की हातातलं काम थांबायचं. माझ्याच फोनवरून त्याच्याविरुद्ध मत गेलं. म्हटलं, गाणंच तर आहे.

पण त्याच आठवड्यात भाऊजींच्या दुकानात निवडणुकीचा उमेदवार आला. इकडचा उंच, गोरा माणूस, आपला कुर्ता घालून. आपल्या भाषेत दोन वाक्यं बोलला, तीही पाठ केलेली. कोणीतरी फोनवर आपलं सिनेमातलं गाणं लावलं, तर गड्याने खांदे उडवून नाचून दाखवलं. भाऊजी विरघळले. रात्री जेवताना म्हणाले, "आपला माणूस आहे. घरची पाचही मतं त्यालाच. मत फुटायला नको."

मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते. चादरी, गाऊन, ऑपरेशनचे हिरवे कपडे. ह्याच नाचऱ्याच्या पत्रकात चौथ्या पानावर लिहिलं होतं की हॉस्पिटलची धुलाई बाहेरच्या कंपनीला द्यायची. मी ते भाऊजींना दाखवलं. ते म्हणाले, "अगं, असं सगळेच लिहितात." त्याच्याविरुद्ध उभी असलेली बाई आमच्या हॉस्पिटलच्या गेटवर येऊन उभी राहिली होती. ती नाचली नाही. धुलाई इथेच राहील, एवढं सांगून गेली.

लाँड्रीत माझ्या शेजारी प्रेसवर एक इकडचीच बाई असते. तिला विचारलं, "तुझा नवरा कोणाला देणार?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "तीस वर्षांत मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही."

मला आधी तिची कीवच आली. हे कसलं घर, नवऱ्याच्या मनातलं बायकोला माहीत नाही! तिचा वेगळा राहणारा मुलगा आजारी पडला तेव्हाही तिला आठवड्याने कळलं होतं, म्हणजे इकडच्यांचं सगळंच काही घेण्यासारखं नाही. पण दिवसभर चादरींच्या घड्या घालताना डोक्यात तेच फिरत राहिलं. तिच्याकडे टोपली नव्हती.

मतदानाला भाऊजींनी सगळ्यांना आपल्या गाडीतून नेलं. आत शाळेचा वर्ग, पडदा, दोरीला बांधलेली पेन्सिल. मी गेटवर आलेल्या बाईच्या नावापुढे खूण केली. मग पडद्याबाहेर कोणी बघतंय का ते पाहिलं, आणि त्याचाच मला राग आला. चोरी करत होते का मी?

घरी चहा झाला. भाऊजी उजळणी घ्यायला बसले. जाऊबाई हो म्हणाल्या. पुतणी मान खाली घालून हो म्हणाली. आमचे हे म्हणाले, "विचारायचं काय त्यात, दादा?"

"आणि धाकटे, तू?"

खोटं बोलणं किती सोपं होतं! पण माझ्याच मताबद्दल मीच खोटं का बोलायचं?

"नाही दिलं मी त्याला," मी म्हटलं.

"आपल्या माणसाला सोडून?"

"तो कसला आपला? माझी नोकरी गेल्यावर त्याचा नाच खाऊ का मी?"

"तुझ्या नोकरीवर चालतं का हे घर?" भाऊजी ओरडले. "लोकांची घाण धुतेस, त्याचा केवढा तोरा! दोन दिवस इकडच्या बायकांत बसलीस आणि घर विसरलीस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते कपातल्या उरलेल्या चहाकडे बघत होते. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आदळायला लागले.

थोड्या वेळाने हे मागून आले. दार लोटलं, नळ मोठा सोडला आणि माझ्या कानाशी येऊन हसले. "वेडी आहेस. सांगायचं कशाला? मीही तुझ्या त्या बाईलाच दिलं. मागच्या वेळीही दादाचं ऐकलं नव्हतं मी. पडद्यामागे कोण बघतंय? सापही मरतो आणि काठीही मोडत नाही."

मी खूश होईन असं त्यांना वाटत होतं. चेहऱ्यावर तसंच होतं, बक्षीस मिळायची वाट बघणाऱ्यासारखं.

मला भाऊजींचाही कधी आला नव्हता एवढा राग आता ह्यांचा आला. ते निदान तोंडावर बोलतात. हा माणूस माझ्याच बाजूचा होता. शेजारीच बसला होता, आणि माझ्या कामाला घाण म्हटलं तेव्हा कपात बघत होता.

"बाहेर जा आणि त्यांना सांगा," मी म्हटलं.

"अगं, हळू. दादा ऐकेल."

मी नळ बंद केला. "ऐकू दे," मी मोठ्याने म्हटलं. "सांगा आता."

बाहेर टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला. भाऊजींनी हाक मारली, "काय रे, काय झालं?"

ह्यांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काही नाही, दादा," ते म्हणाले. "डोकं फिरलंय हिचं."